आउटलाइनरचे शॉर्टकट ठरवताना मराठी कीबोर्ड चालू ठेवा

माझा मामेभाऊ कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढतो. त्याच्यासाठी मी मुद्दे-उपमुद्दे लिहायचं छोटं आउटलाइनर बनवलं, ब्राउझरमध्ये चालणारं. नुसतं वाचताना 'जे' दाबलं की खालच्या ओळीवर जायचं, अशी सोय होती. पहिल्याच दिवशी फोन आला, "दादा, जे दाबून दमलो, पण ओळ काय हलंना!" तो इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रत्येक बटणावर मराठी अक्षर असलेल्या कीबोर्डवर, लिहितो आणि मी सगळं इंग्रजीत तपासलं होतं.

तर आधी कागद घ्या. कुणीतरी नोट्स काढत असताना शेजारी बसा आणि कोणती क्रिया किती वेळा होते, त्याच्या रेघा ओढा. जिथे रेघा जास्त, तिथे सोपं बटण. कधीतरी लागणारं 'छापा' मेनूतच राहू दे.

मग रूढ बटणं निमूट घ्या. एंटरनं नवी ओळ, टॅबनं आत, शिफ्ट-टॅबनं बाहेर. ओळ वर-खाली हलवायला वर्डमध्ये ऑल्ट-शिफ्ट-बाण आहे. पण विंडोजवर डावं ऑल्ट-शिफ्ट भाषा बदलायलाही वापरतात, म्हणून मी नुसतं ऑल्ट आणि वर-खालचे बाण ठेवले. ऑल्ट-डावा बाण टाळा, ब्राउझर मागच्या पानावर जातो. कंट्रोल-डब्ल्यूच्या तर वाटेलाच जाऊ नका, त्यानं ब्राउझरचा अख्खा टॅबच बंद होतो.

खरी डोकेफोड पुढे आहे. समजा 'पंचगंगा'खाली कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती लिहिलं. भोगावतीनंतर एंटर, 'राधानगरी धरण', टॅब. धरण भोगावतीच्या पोटात गेलं. आता भोगावती वर सरकवली तर धरणही तिच्यासोबत गेलं पाहिजे. भोगावती मिटलेली, म्हणजे तिच्या पोटातल्या ओळी लपवलेल्या असताना तिच्या शेवटी एंटर मारला तर? नवी ओळ तिच्या बरोबरीनंच यावी. मिटलेल्या पोटात गेली तर लिहिलेलं गायब झालं असं वाटतं. रिकाम्या ओळीवर एंटर मारला की ओळ एक पायरी बाहेर यावी. सगळ्यात पहिल्या ओळीवर टॅब दाबला तर सॉफ्टवेअरनं गप्प बसावं. आणि कंट्रोल-झेडनं अक्षरांबरोबर ही हलवाहलवीही परत फिरली पाहिजे.

आता मराठी. ब्राउझर दाबलेलं बटण दोन तऱ्हेनं सांगतो: 'की'मध्ये उमटणारं अक्षर, 'कोड'मध्ये बटणाची जागा. इनस्क्रिप्टमध्ये 'जे'च्या जागी 'र' येतो, मी मात्र 'की'मध्ये 'जे' शोधत बसलो होतो. कोड तपासायला लागलो आणि काम झालं. तरी असे एकअक्षरी शॉर्टकट बंद करायची सोय द्याच; वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या नियमावलीतही ती अपेक्षा आहे. फोनेटिकवाल्यांचं, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांचं, दुखणं वेगळं. सुचवलेल्या शब्दांतून 'कोल्हापूर' निवडायला ते एंटर मारतात, तो एंटर तुमचा नव्हे. शब्द अजून जुळतोय हे ब्राउझर 'इजकंपोझिंग'मधून सांगतो; ते खरं आहे तोवर त्याला हात लावू नका, नाहीतर शब्दाच्या मध्येच ओळ तुटते.

एरवी टॅब पुढच्या चौकटीत नेतो; तो तुम्ही अडवलात, तर माउसशिवाय काम करणाऱ्याला लिहायच्या चौकटीतून बाहेर पडायला एस्केप द्या.

शेवटी शॉर्टकटची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवा आणि ती कधी निघते ते बघा. भावानं दोन दिवसांत काढली. ओळ मिटायचं बटण मात्र अजून फोन करून विचारतो, म्हणजे ते मलाच बदलावं लागणार.