गल्लीतल्या भावावरून आपल्या घराचा भाव कसा काढायचा

बेळगावात शहापुरातल्या एका क्रेडिट सोसायटीत मी बरीच वर्षं घरकर्जाचं काम बघितलं. तारणाला आलेल्या घराची सांगितलेली किंमत खरी की फुगवलेली, हे ठरवायचं काम. आता ओळखीची माणसं घरी येऊन विचारतात, "काकू, टिळकवाडीत फुटाला एवढे चाललेत, मग वडगावच्या आमच्या घराचे किती मागू?" टिळकवाडीचा भाव वडगावला लावायचाच नाही. आधी आपली गल्ली, फार तर तेवढ्याच रुंदीची शेजारची गल्ली. तिथं गेल्या वर्षभरात विकलेली तीन-चार घरं शोधा. विकायला काढलेली नव्हे, विकलेली. कॅम्पातल्या (लष्करी छावणीच्या भागातल्या) जुन्या बंगल्यांशी तर तुलना नकोच. त्यातल्या बऱ्याच बंगल्यांची जमीन 'ओल्ड ग्रँट'खाली सरकारची आहे, मालकाचं असतं ते वरचं बांधकाम.

विकलं कितीला, हे कट्ट्यावर विचारलं तर प्रत्येकजण वेगळा आकडा सांगणार. कर्नाटकाच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर त्या मिळकतीचा ईसी, म्हणजे तिच्यावर नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला, काढा. सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर किंवा मिळकत नंबर लागतो, फी किरकोळ आहे, आणि खरेदीपत्रात लिहिलेली रक्कम त्यात दिसते. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला शेजारी बसवा, अंदाजानं घेऊ नका. पण एक ध्यानात ठेवा. पुष्कळ लोक कागदावर मार्गसूची दराइतकीच, म्हणजे नोंदणीसाठी सरकारनं ठरवलेल्या किमान दराइतकीच, रक्कम लिहितात. म्हणून ईसीतला आकडा हा खालचा काठ समजायचा. हे दर 1 ऑक्टोबर 2023 ला बदलले. त्याआधीच्या खरेदीचा आकडा आजच्याशेजारी तसाच ठेवला तर हिशेब चुकतो. खरी रक्कम विकणाऱ्या घरच्यांना मोकळेपणानं विचारा. आपल्याकडं ओळखीत सांगतात.

आता खरं काम. घराची पूर्ण किंमत घराच्या पूर्ण किमतीशी लावू नका. जागा वेगळी, बांधकाम वेगळं. जागेचा भाव गल्ली ठरवते. बांधकाम मात्र दरवर्षी जुनं होत जातं.

समजा, शेजारचं घर 72 लाखांना गेलं. जागा 1200 चौरस फूट, बांधकाम 900 फूट, वीस वर्षांचं. आज तसं बांधायला फुटाला 2000 रुपये धरले तर 18 लाख. आरसीसी घराचं आयुष्य साधारण साठ वर्षं धरतात, त्यातली वीस गेली, म्हणजे तिसरा हिस्सा कमी. उरले 12 लाख. 72 मधून 12 वजा करा: जागेचे 60 लाख, फुटाला 5000.

तुमची जागा 1000 फूट असेल तर 50 लाख. त्यावर पाच वर्षांपूर्वीचं 1200 फुटांचं बांधकाम असेल तर 24 लाखांतून 2 गेले, 22 राहिले. बेरीज 72 लाख! जागा दोनशे फूट कमी असून भाव तोच. 72 लाखांना नुसतं 1200 नं भागून, फुटाला 6000 धरून आलेला गिऱ्हाईक तुम्हाला 60 म्हणेल, त्याला हा हिशेब दाखवा. बांधकामाचा दर मात्र तुमच्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला विचारून घाला, माझा 2000 हा नुसता नमुना आहे.

तीन घरांचा असा फुटाचा दर काढला की ते एकमेकांजवळ यायला पाहिजेत. एक फारच वेगळा पडला तर कारण शोधा. भावाभावांतली वाटणी, घाईची विक्री, शेजाऱ्यानंच आपली जागा वाढवायला घेतलेलं घर, असले सौदे धरू नका.

मग आपल्या घरापुरती कमी-जास्ती. शहापूरच्या जुन्या गल्ल्यांत तोंड पंधरा फूट आणि खोली ऐंशी, वर सामाईक भिंत. अशा जागेला चौकोनी प्लॉटचा दर मिळत नाही. गाडी आत शिरते का? 2008 पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, तर बाकीच्या भागांत टाकी भरायच्या वाराची वाट बघतात. तो फरक गिऱ्हाईक मोजतंच. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला घर असेल तर ऑगस्ट 2019 ला पाणी कुठवर आलं होतं, हे घेणारा गल्लीत विचारणारच. तुम्ही आधीच सांगा.

सगळ्यांत मोठा फरक कागदाचा. बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) मंजूर ले-आउट आणि ए खाता, म्हणजे नियमित मिळकत म्हणून पालिकेत नोंद, असलेलं घर, आणि त्याच रस्त्यावरचं बी खात्याचं (नियमात न बसणाऱ्या मिळकतीची नोंद) किंवा नोंदणी न करता नुसत्या बाँडपेपरवर घेतलेलं घर, ही दोन एका रांगेत बसत नाहीत. दुसऱ्यावर बँक कर्ज द्यायला मागं सरते, म्हणजे रोख देणारे चारच गिऱ्हाईक उरतात. शहराबाहेरच्या गावांत, जिथं ग्रामपंचायतीचा उतारा असतो, तिथं फॉर्म 9 आणि 11 (पंचायतीतली मिळकतीची आणि कराची नोंद) आहेत का बघा. 11 बी, म्हणजे नियमात न बसणाऱ्या मिळकतीचा उतारा, असेल तर 11 बीच्याच घरांशी तुलना करा.

हे झालं की दोन आकडे ठरवा, एक मागायचा आणि एक ज्याच्या खाली यायचं नाही. संचकार (इसारा) घ्यायच्या आधी एजंटासमोर तीन घरांचे हिशेब एका कागदावर मांडा आणि त्याला त्यातली कुठली ओळ चूक आहे ते विचारा.