बालदिनाच्या सुट्टीत जपानमधील त्सुएताते : नाशिकहून जाणाऱ्या कुटुंबांसाठी

जपानमध्ये ५ मे हा बालदिन असून २९ एप्रिल, ३ मे आणि ४ मे याही सार्वजनिक सुट्ट्या असल्याने त्या आठवड्यात जवळजवळ सारा देश प्रवासाला निघतो. नाशिकच्या शाळाही तेव्हा बंद असतात. त्यामुळे मुलांसह जाण्यास हा काळ सोयीचा, पण आरक्षणासाठी अतिशय कठीण. हे दिवस टोकियो-क्योतोच्या गर्दीत घालवण्यापेक्षा क्युशू बेटावरील कुमामोतो प्रांतातील त्सुएताते या डोंगरदरीतल्या गरम झऱ्यांच्या छोट्या गावी घालवावेत, असे मी सुचवेन. येथे एप्रिलच्या आरंभापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बालदिनानिमित्त नदीवर आडव्या दोऱ्या ताणून हजारो कापडी मासे फडकवले जातात.

मासे महिनाभर असतात, म्हणून गर्दी नको असल्यास एप्रिलच्या मध्यास जावे. मात्र ५ मेचे स्नान हवे असेल, तर ४ तारखेचा मुक्काम गाठावा. त्या दिवशी जपानमध्ये अनेक ठिकाणी गरम पाण्यात वेखंडाची लांब पाने सोडतात. आपल्याकडे बाळगुटीत उगाळले जाते तेच हे वेखंड. निवासस्थानी ही प्रथा पाळतात का, हे आरक्षण करतानाच विचारावे. कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवावे लागते आणि कपडे घालून उतरता येत नाही. मुलांना याची कल्पना घरीच द्यावी.

व्हिसा मुंबईतून काढावा. मुंबईहून एखाद्या थांब्याने फुकुओका गाठता येते. तेथील हाकाता स्थानकातून रेल्वेने हिता हे शहर आणि पुढे बसने त्सुएताते, असा हा मार्ग आहे. जेआर या जपानच्या प्रमुख रेल्वेची आसने साधारणपणे प्रवासाच्या एक महिना आधी खुली होतात, तेव्हा ती त्याच दिवशी घ्यावीत. खोली मात्र त्याच्याही कितीतरी आधी. डोंगरातल्या बसफेऱ्या मोजक्याच असल्याने परतीच्या शेवटच्या बसची वेळ पोहोचताक्षणी पाहून ठेवावी आणि सुटे येन जवळ बाळगावेत.

शाकाहारी कुटुंबांची खरी अडचण जेवणाची. वरवर भाजीचे वाटणारे सूपही बहुधा माशाच्या अर्कात शिजलेले असते, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासा आणि माशाचा अर्कही नको, हे जपानी भाषेत लिहिलेली चिठ्ठी दाखवावी. त्सुएतातेची निवड मी मुख्यतः याच कारणाने सुचवतो. येथे झऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या सार्वजनिक चुली आहेत आणि त्यांवर रताळी, मक्याची कणसे, बटाटे, अंडी आपल्या हाताने वाफवून घेता येतात. भाज्या हितामध्येच घ्याव्यात. मीठ, मेतकूट आणि चिवडा नाशिकहून न्यावा. बालदिनाचा कशिवा मोची हा तांदळाच्या पिठाचा पदार्थ असून त्यात लाल चवळीसारख्या अझुकीचे गोड पुरण असते. त्याभोवतीचे ओकचे पान काढून टाकायचे असते.

त्सुएताते ज्या ओगुनी गावात मोडते, त्यातीलच कितासातो या वस्तीसाठी एक दुपार राखावी. २०२४ पासून हजार येनच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे, ते जंतुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो येथे जन्मले. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत प्लेगच्या जंतूचा शोध लावणाऱ्यांत ते होते आणि दोनच वर्षांनी तो रोग मुंबईत येऊन पोहोचला. त्यांचे स्मारक-संग्रहालय मुलांना दाखवताना नोट खिशातून काढून समोर धरावी.