ब्लेडवाल्या रेझरने दाढी शिकताय? या चुका टाळा

कार्ट्रिज (एकाच डोक्यात दोन-तीन पाती बसवलेला, डोकं बदलायचा रेझर) सोडून जुन्या पद्धतीचा दोन धारी ब्लेडचा रेझर घेतला की पहिल्या आठवड्यात बहुतेकांची तक्रार एकच, गळा लाल झालाय आणि आग होतेय. मग लगेच ब्लेड बदलतात. ब्लेडचा दोष क्वचित असतो हो, गडबड असते ती दाबात आणि फेसात.

कार्ट्रिज गालावर दाबून ओढायची सवय लागलेली असते, इथे ते अजिबात चालत नाही, धातूच्या रेझरचं वजनच पुरतं. दांडा नुसत्या बोटांनी धरा, रेझरचं डोकं गालावर टेकवा आणि दांडा हळूहळू खाली आणत जा, खुंट कापल्याचा खरखर आवाज यायला लागला की थांबा, तोच कोन, साधारण 30 अंश. आवाज बंद झाला तर कोन सुधारा, दाब वाढवू नका.

आता फेस. आपल्या किनारपट्टीवर खरी गोम पाण्यात आहे. गोड्या विहिरीच्या पाण्यात साबण झटकन फेसाळतो, पण खाडीलगतची विहीर मे महिन्यात मचूळ झाली की तोच साबण ब्रशवर फाटतो, कारण पाण्यातलं मीठ आणि क्षार साबण नीट विरघळू देत नाहीत. मग लोक साबण बदलत बसतात. त्यापेक्षा दाढीपुरतं पिण्याचं पाणी तांब्याभर कोमट करून घ्या, फरक लगेच दिसेल. ब्रश भिजवून झटका, साबणावर अर्धा मिनिट तरी फिरवा, मग थेंब थेंब पाणी घालत घोळवा. मोठे बुडबुडे दिसले तर साबण कमी पडलाय, गालावर सुकायला लागला तर पाणी कमी पडलंय. चकचकीत, घट्ट आणि बुडबुडे न दिसणारा फेस हवा.

गळ्यावर केस सरळ खाली वाढतात असं धरून चालू नका, बऱ्याच जणांचे आडवे असतात, कुठे भोवराही असतो. दोन दिवसांची दाढी बोटांनी चाचपून बघा. पहिला हात केसांच्या दिशेने, मग परत फेस लावून आडवा, आणि उलटा, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, हात पहिला महिनाभर तरी नकोच, केस आत वाढून पुटकुळ्या येतात त्या त्यानेच.

शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. जिथे जास्त चरचरते तिथे दाब जास्त पडला समजा, पुढच्या वेळी तिथे हात हलका ठेवा.

पावसाळ्यात बंद बाथरूममध्ये ब्रश ठेवला की बुरशी धरतो, तो झटकून वारं लागेल तिथे टांगा. रेझर सैल करून धुवा, ब्लेडची धार पुसू नका, नुसती झटका. ब्लेड चारपाच दाढ्या चालतं, केस ओढायला लागलं तर त्याआधीच बदला. जुनी ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवा, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो.