वरचेही आपण, खालचेही आपण: आंतरराष्ट्रीय नदीखोऱ्यांच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

नांदेड, परभणी, लातूरकडून मुलामुलींचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "ताई, दोन देशांच्या नद्यांवर काम करायचं तर डिग्री कोणती घ्यावी?" डिग्रीचं पुढे सांगते. आधी हे लक्षात घ्या की या कामात सगळ्यात अवघड असतं ते एकाच नदीकडे वरच्याच्या आणि खालच्याच्या, दोन्ही बाजूंनी पाहणं. आणि ते शिकायला मराठवाड्यासारखी जागा नाही.

गोदावरीवरचं जायकवाडी धरण घ्या. त्याचा जलाशय नाथसागर भरला नाही की आपण खालचे असतो. नाशिक-नगरच्या धरणांत अडलेलं आमच्या वाट्याचं पाणी सोडा, असं आपण म्हणतो आणि ते रास्तच आहे. 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा समन्यायी वाटप मानतो. पुढे मेंढेगिरी समितीच्या 2013 च्या अहवालातून सूत्र आलं: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. 2023 मध्ये 8.6 टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) सोडायचं ठरलं तेव्हा वरच्या भागातले शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांच्या उसाला, द्राक्षाला पाणी लागत नाही असं थोडंच आहे?

आता गोदाकाठानं खाली धर्माबाद तालुक्यात या. बाभळी बंधाऱ्यावर आपण वरचे. बंधारा आपल्या हद्दीत, पण पोचमपाडच्या, म्हणजे आता तेलंगणात असलेल्या श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्यात. आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला: बंधाऱ्याला 2.74 टीएमसीची मुभा, 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे, 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं, आणि देखरेखीला तीन सदस्यांची समिती. ऐन पावसाळ्यात डोळ्यांदेखत पाणी वाहून जातं, याची चीड धर्माबाद-बिलोलीत कुणालाही विचारा. पण जायकवाडीला "खोरं एकच आहे" म्हणणारे आपण बाभळीला "आमच्या हद्दीतलं पाणी आमचं" म्हणतो, हेही खरं.

जगभर हेच चालतं. 1895 मध्ये रिओ ग्रांदेच्या वादात अमेरिकेचे ॲटर्नी जनरल हार्मन यांनी मत दिलं की आपल्या हद्दीतल्या पाण्यावर देशाचा पूर्ण हक्क असतो, मेक्सिकोला काही देणं लागत नाही. तरी 1906 मध्ये अमेरिकेनं मेक्सिकोला वर्षाला 60,000 एकर-फूट पाणी देण्याचा करार केलाच. 1997 मध्ये संयुक्त राष्ट्रांत नद्यांचा जागतिक करार मतदानाला आला, तेव्हा विरोधात मतं पडली तीन: चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. तिघेही आपापल्या मोठ्या नद्यांवर वरचे. भारत तटस्थ राहिला. आपण बांगलादेशच्या वरचे आणि चीन-नेपाळच्या खालचे आहोत, हे ध्यानात घेतलं की ती तटस्थता समजते. त्या कराराची दोन मुख्य तत्त्वं, न्याय्य व वाजवी वापर आणि दुसऱ्याला मोठी हानी न करणं, बाभळीच्या निकालाशेजारी ठेवून वाचा. पाठ करावी लागणार नाहीत.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिलं काम हेच देते. बाभळीचा निकाल वाचायचा आणि तेलंगणाच्या बाजूनं दोन पानं लिहायची, त्यांच्या वकिलाला पटतील अशी. बऱ्याच जणांचा हात अडखळतो. ज्याला ती दोन पानं प्रामाणिकपणे लिहिता येतात, त्याला गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याचा भारत-बांगलादेश वाद समजायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. वर्तमानपत्रात करार म्हणजे पंतप्रधानांच्या सह्या आणि हस्तांदोलन. प्रत्यक्षात करार उभा असतो तो दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या आकड्यावर. गंगेचा करार घ्या, 12 डिसेंबर 1996 चा. 1 जानेवारी ते 31 मे हा टंचाईचा काळ दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत विभागलाय. फराक्क्याला 70,000 क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) किंवा कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं. 70 ते 75 हजार असेल तर बांगलादेशला 35,000 आणि उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला 40,000 आणि उरलेलं बांगलादेशला. आणि 11 मार्च ते 10 मे या सगळ्यात कोरड्या काळात दोघांनाही आळीपाळीनं एका दहा दिवसाआड 35,000 ची हमी. हे तक्ते चालतात कशावर? फराक्क्याला आणि खाली बांगलादेशातल्या हार्डिंग पुलापाशी दोन्ही देशांची पथकं त्या महिन्यांत रोज प्रवाह मोजतात त्यावर.

म्हणून प्रवाह मोजायला हातानं शिका. परभणी जिल्ह्यात ढालेगावला केंद्रीय जल आयोगाचं मापन केंद्र आहे. अशा ठिकाणी रीतसर परवानगी काढून एखादा दिवस उभं राहा. नदीची रुंदी पट्ट्यांत विभागतात. प्रत्येक उभ्या रेषेवर आधी खोली घेतात, मग करंट मीटर, म्हणजे प्रवाहाचा वेग मोजणारं चक्राचं यंत्र, पाण्यात सोडतात. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 वर, खोल असेल तर 0.2 आणि 0.8 वर, आणि त्या दोन वेगांची सरासरी. चक्राचे फेरे मोजायचे, घड्याळ बघायचं, वेग काढायचा, पट्टीच्या क्षेत्रफळानं गुणायचं, सगळ्या पट्ट्यांची बेरीज करायची. मग त्याच वेळची गेजवरची, म्हणजे काठावरच्या आखीव खांबावरची, पातळी शेजारी लिहायची. अशा पुष्कळ नोंदींतून पातळी आणि प्रवाहाचा वक्र तयार होतो, आणि एरवी नुसती पातळी वाचून क्युसेक सांगतात तो या वक्राच्या जोरावर. पुरानं तळ खरवडला किंवा गाळ बसला की जुना वक्र चुकू लागतो. दोन देशांच्या अभियंत्यांत वाद होतो तो पुष्कळदा इथे. हे ज्याला माहीत आहे, त्याला बैठकीत कुणी गप्प बसवू शकत नाही.

आकडा थांबला तर काय होतं, तेही बघा. ब्रह्मपुत्रेच्या पूरकाळातली माहिती देण्याचा चीनशी 2002 पासून समझोता होता. 2017 मध्ये डोकलामचा तणाव असताना ती माहिती मिळाली नाही, आणि 2023 मध्ये समझोत्याची मुदतच संपली. पाकिस्तानशी सिंधू करार 1960 चा. तीन युद्धं पचवून टिकला, दोन्ही देशांचे आयुक्त भेटत राहिले. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतानं तो स्थगित ठेवला. त्या निर्णयावर तुमचं मत काहीही असो, कराराची कलमं आणि परिशिष्टं वाचल्याशिवाय ते मांडू नका. मोबाइलवरच्या चर्चेत 'पाणी बंद' हे दोन शब्द पुरतात. प्रत्यक्षात चिनाब-झेलमसारख्या नद्यांचं पाणी अडवायचं तर साठा करायला धरणं लागतात, वळवायला कालवे लागतात. बंधारा बांधून झाल्यावरही पाण्यासाठी भांडावं लागलेल्या आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

चांगली उदाहरणंही अभ्यासा, नाहीतर मन कडू होतं. 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विषारी पाणी ऱ्हाईनमध्ये गेलं आणि मासे मेले. ऱ्हाईनचा आयोग 1950 पासून होता, पण खरा जोर त्या आगीनंतर आला: 1987 चा कृती कार्यक्रम, आणि 2000 पर्यंत सामन मासा परत आणायचं ध्येय. मला त्याहूनही जवळचं वाटतं ते आफ्रिकेतलं सेनेगल नदीचं उदाहरण. 1972 मध्ये माली, मॉरिटानिया आणि सेनेगल एकत्र आले आणि मानंताली, दियामा ही धरणं सामायिक मालकीची केली. मानंताली धरण मालीत, वीज तिघांना. दुष्काळानं होरपळलेल्या गरीब देशांना हे जमलं.

आता डिग्री. सिव्हिल केलेल्यांनी जलविज्ञानात एम.टेक.चा विचार करावा. आयआयटी रुरकीचा जलविज्ञान विभाग जुना आणि भक्कम आहे. कायदा केलेल्यांनी आंतरराष्ट्रीय कायद्यासोबत थोडं जलविज्ञान शिकावं, कारण क्युसेक न कळणारा वकील या कामात लंगडा पडतो. समाजशास्त्र, भूगोलवाल्यांसाठी टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र घरापाशी आहे. संभाजीनगरला वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, आहे, तिथल्या ग्रंथालयात बसण्याची संधी सोडू नका. परदेशात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची पाण्याची संस्था या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. खर्च मोठा आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी प्रवेशाच्या बऱ्याच आधी वाचून ठेवा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच डाउनलोड करा. टीएमसी, दलघमी (दशलक्ष घनमीटर), क्युसेक यांची अदलाबदल तोंडपाठ हवी: 1 टीएमसी म्हणजे 28.32 दलघमी.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. थेट वाटाघाटींच्या खोलीत फार कमी जण पोचतात, आणि तेही सरकारी सेवेतून. बाकीचं काम आकडे तपासणं, अहवाल लिहिणं, पूर-इशाऱ्याची साखळी बांधणं, सीमेपलीकडच्या गावांना एकमेकांशी बोलतं करणं, असं असतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पगारही बेताचाच. घरच्यांना हे आधीच सांगा. स्पर्धा परीक्षेची वाट सोडून हे काय, असा प्रश्न येणारच. हिंदी आणि इंग्रजी हवीच, पण बांगला किंवा नेपाळी शिकलात तर चार अर्जांत तुमचा अर्ज वर राहील.

गंगा कराराची 30 वर्षांची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते. पुढचा करार कसा असावा यावर दोन्हीकडे लिहिलं-बोललं जातंय. या क्षेत्रात यायचं असेल तर मूळ करार उघडून त्याचे तक्ते स्वतः वहीत उतरवून काढा, आणि ज्या वर्षी फराक्क्याला 50,000 क्युसेकच्या खाली पाणी येईल त्या वर्षी काय करावं, यावर तुमचं टिपण लिहा. फोन करताना ते टिपण सोबत असू द्या.