जुना कॉम्प्रेसर चालू करताना बटण सगळ्यात शेवटी

बंद पडलेल्या गॅरेजमधून किंवा जुन्या बाजारातून हवेचा कॉम्प्रेसर आणला की पहिला हात जातो प्लगकडे. तिथेच थांबावं. दोन-तीन वर्षं कोपऱ्यात पडलेल्या मशीनच्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, तेलात पाणी उतरलेलं असतं आणि टाकीच्या पोटात गंज बसलेला असतो. पुढची तयारी दोन सिलिंडरच्या, बेल्टवर चालणाऱ्या, 2 ते 3 एचपीच्या आणि 160 लिटरच्या आसपास आडवी टाकी असलेल्या मशीनची आहे. पंक्चरवाले, गॅरेजवाले आणि फर्निचरचे स्प्रेवाले बहुतेक हेच वापरतात.

आधी टाकी. 40 सेंटीमीटर व्यासाच्या टाकीत 8 किलो प्रेशर (दर चौरस सेंटीमीटरला 8 किलो) असलं की टोकाच्या एकेका झाकणावर दहा टनांचा जोर असतो. त्यामुळे टाकी पास होईपर्यंत बाकी कशावरही पैसा घालू नये. पाटी शोधा: कामाचं प्रेशर, टेस्ट प्रेशर, वर्ष. पाटी नसेल आणि टाकी कुणी बनवली हेही कळत नसेल, तर ती भंगारात द्यावी आणि वरचा पंप तेवढा ठेवावा. पाटी असेल तर खालचा ड्रेन कॉक, म्हणजे साठलेलं पाणी सोडायचा नळ, पूर्ण काढा. नुसता फिरवून उपयोग नाही, तो बहुधा गाळाने बुजलेला असतो. तांबूस, तेलकट पाणी आलं तर ठीक. पाण्याबरोबर गंजाचे पापुद्रे आले, बोटांत धरून मोडता येतील असे, तर पत्रा खाल्ला गेला आहे. मोबाइलला जोडायचा वायरवाला कॅमेरा वरच्या प्लगच्या भोकातून आत सोडून तळ आणि वेल्डिंगची रेघ पाहा. मग छोट्या हातोडीने तळाशी, पायांच्या वेल्डिंगजवळ, ड्रेनच्या भोवती हलके ठोके द्या. चांगला पत्रा खणखणतो, पातळ झालेला बद्द वाजतो. कुठे ठिगळ, ब्रेझिंग किंवा एम-सील दिसलं की ती टाकी बाद.

एवढं पार पडलं तर पाण्याची टेस्ट. गेज, प्रेशर स्विच (ठरलेल्या प्रेशरला मोटर बंद करणारा) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या जागी प्लग मारा, सगळी हवा निघेपर्यंत टाकी काठोकाठ पाण्याने भरा आणि प्लंबर पाइप तपासायला वापरतात तो हातपंप जोडा. पाटीवर टेस्ट प्रेशर असेल तर तेवढं, नसेल तर कामाच्या प्रेशरच्या दीडपट द्या आणि अर्धा तास हातपंपाच्या गेजचा काटा पाहत राहा. काटा उतरला किंवा कुठे घाम फुटल्यासारखं पाणी पाझरलं, तर टाकी गेली. ही टेस्ट हवेने करू नये. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पाण्याने भरलेली टाकी फुटली तर गळते. हवेने भरलेली फुटली तर पत्रा उडतो. कारखान्यात वापरायचं मशीन असेल तर ही तपासणी सक्षम व्यक्तीकडून करून घेणं कायद्याने लागतंच.

आता पंप. बेल्ट काढा आणि मोठी पुली हाताने फिरवा. एकसारखी जड लागली तर चालेल. एकाच जागी अडत असेल तर आत काहीतरी तुटलं आहे. अजिबात हलत नसेल तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे कॉम्प्रेसर ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. पाइप पान्याची दांडी लावून झटका देऊ नये, कनेक्टिंग रॉड वाकतो. हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह पाहून घ्या, कारण जुन्या मशीनची निम्मी दुखणी इथेच असतात. व्हॉल्व्हच्या पत्तीवर काळा, कडक कार्बन बसलेला असतो आणि पत्ती सीटवर पूर्ण टेकत नाही. पितळी ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने काच किंवा सपाट प्लेटवर घासून साफ करा. चरा पडलेली, वाकलेली पत्ती बदलाच. धुवायला पेट्रोल नको. रॉकेल वापरलं तरी कोरडं पुसून, वाळवूनच जोडा. गरम हेडमध्ये त्याची वाफ पेट घेऊ शकते. गॅस्केट नवी घाला आणि हेडचे बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

तेल पूर्ण काढा. चहासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, चमचमतं दिसलं तर बेअरिंग झिजलं आहे. भरायला कॉम्प्रेसर ऑइलच, आपल्याकडच्या उन्हाळ्याला व्हीजी 100 (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा). गाडीचं इंजिन ऑइल टाकायचा मोह होतो, पण त्यातल्या डिटर्जंटमुळे पाणी तेलातच मिसळून राहतं आणि व्हॉल्व्हवर कार्बन लवकर धरतो. लेव्हल काचेच्या मध्यापर्यंत. जास्त भरलं तर तेल हवेबरोबर टाकीत आणि तिथून रंगावर जातं. स्प्रेवाल्याच्या पॅनलवर माशाच्या डोळ्यासारखे ठिपके येतात ते त्यामुळेही.

मोटर वेगळी तपासा. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग आणि बॉडीमध्ये किमान 1 मेगाओहम हवा. कमी आला तर दोन दिवस उन्हात ठेवून पुन्हा पाहा. तरीही कमी असेल तर वाइंडरकडे. सिंगल फेज मोटर नुसती गुणगुणत असेल तर आधी कपॅसिटर बदला. वायर 2.5 स्क्वेअर एमएमपेक्षा बारीक नको, कारण लांब, बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं आणि मोटर उचलत नाही. अर्थिंग हवंच. थ्री फेजमध्ये दिशा पाहा: मोठ्या पुलीच्या पंख्यांनी वारा सिलिंडरकडे फेकला पाहिजे. उलटं फिरलं तर कोणत्याही दोन फेज बदला.

बेल्ट जोडीने बदलावेत, एक जुना एक नवा नको. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी धरली की ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. मध्यावर अंगठ्याने दाबलं तर बेल्ट साधारण अर्धा इंच खाली जावा. मोटरची पुली मात्र मोजा. जास्त हवेच्या हव्यासापोटी आधीच्या मालकाने मोटरवर मोठी पुली बसवलेली असते. 1440 आरपीएमची मोटर, 5 इंची पुली आणि 12 इंची फ्लायव्हील (पंपाची मोठी पुली) म्हणजे पंप 600 आरपीएमवर. पंपाच्या पाटीवर यापेक्षा कमी वेग लिहिला असेल तर पंप तापून बसणार.

सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गेज जुने ठेवूच नयेत. नवा सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीच्या पाटीवरच्या कामाच्या प्रेशरच्या आत उडणारा आणि प्रेशर स्विचच्या कट-ऑफपेक्षा थोडा वर असावा. टेफ्लॉन टेप, फिल्टरचं एलिमेंट, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची (टाकीतली हवा पंपाकडे परत न जाऊ देणारा) सीट हेही त्याच फेरीत आणून ठेवावं.

मग बटण. टाकीचा आउटलेट सताड उघडा ठेवून 15-20 मिनिटं बिनभाराने चालवा, हेडजवळ कान ठेवा. नंतर आउटलेट बंद करून 2, 4 आणि 6 किलोला थांबत चढवा; प्रत्येक थांब्यावर साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर. मोटरचा करंट क्लॅम्प मीटरवर पाटीवरच्या आकड्याच्या आत राहिला पाहिजे. फिल्टरमधून हवा मागे फुंकली जात असेल तर सक्शन व्हॉल्व्ह गळतोय. मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचखालच्या नळीतून फुस्स होऊन आवाज थांबायला हवा. सारखा चालूच राहिला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही. फुस्स झालंच नाही तर हेडमध्ये हवा अडकून राहते आणि पुढच्या वेळी मोटर ट्रिप होते. त्यासाठी मोटरला दोष देऊन वाइंडिंग करून घेणारे बरेच असतात.

वेळही मोजा. 160 लिटरची टाकी शून्यापासून 7 किलोपर्यंत भरायला सुमारे 1120 लिटर हवा लागते. त्याला 8 मिनिटं लागली तर पंप मिनिटाला 140 लिटर, म्हणजे साधारण 5 सीएफएम (मिनिटाला घनफूट) देतो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच कामाला 11 मिनिटं लागली की रिंगा किंवा व्हॉल्व्ह उघडायची वेळ आली.

ड्रेन रोज उघडावा. कोकणात पावसाळ्यात, 30 अंशांच्या दमट हवेत, मिनिटाला 200 लिटर ओढणारा पंप तासभर सलग चालला आणि टाकीतली हवा पुरती थंड झाली, तर पाव लिटरच्या आसपास पाणी तळाशी जमतं. पहिलं तेल 50 तासांनी बदलावं आणि तेव्हाच हेडचे बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत.