मृगाआधी ठरवा: कोणता बोकड विकायचा, कोणता राखायचा

गेली काही वर्षं बकरी ईद मे-जूनमध्ये येते. तिच्या पाठोपाठ मृगाचा पाऊस पडून चारा फुटला की शेळ्या माजावर येऊ लागतात. बोकड विकायची घाई आणि शेळ्या फळवायची, म्हणजे गाभण करायची वेळ अशी लागून आली की गोची होते. दलाल गोठ्यात शिरल्यावर त्याचा पहिला हात कुठं पडतो ते बघा. कळपातल्या सगळ्यात रुंद पाठीवर! तो भावही बरा देतो, आपण दावं सोडून देतो. महिन्याभरानं दावणीला उरतो तो दलालानं नाकारलेला बोकड, आणि तोच पंचवीस शेळ्यांना लागतो. पाच-सहा वर्षांनी मग ‘आता पूर्वीसारखी करडं होत नाहीत’ अशी तक्रार आपणच करतो.

हिशेब करून पाहू. समजा, नऊ महिन्यांच्या नर करडांचं सरासरी वजन 20 किलो होतं आणि एक बोकड 26 किलोचा निघाला. हा 6 किलोंचा फरक सगळा रक्तातला नसतो. आईचं दूध, खुराक, जंत, जन्माचा महिना यांचा त्यात मोठा वाटा. शेळ्यांमध्ये वाढीच्या वजनाची आनुवंशिकता साधारण 0.2 ते 0.3 धरतात. 0.3 धरली तर 6 पैकी 1.8 किलो जनुकांचे. त्यातली निम्मीच जनुकं बापाकडून करडात येतात, म्हणजे करडामागे 900 ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वर्षाला 35 करडं झाली तर साडेएकतीस किलो जिवंत वजन वाढलं, आणि राखलेल्या पाठींमधून, म्हणजे तरुण माद्यांमधून, ते पुढच्या वेतांतही उतरणार. ईदेला त्या बोकडाचे जे जास्तीचे पैसे मिळतात ते या किलोंशी ताडून पाहा. माझं मत विचाराल तर दोन मृग तो पैदाशीला वापरा आणि मग खुशाल विका. कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेलं, निर्व्यंग जनावर लागतं. वयानं मोठा बोकड चालतो.

नुसतं वजन मात्र फसवतं. एकटं जन्मलेलं करडू दोन्ही सडांचं दूध पितं, जुळ्यातल्याला एकच सड मिळतो. तीन महिन्यांला काट्यावर एकटं करडू जड भरणारच. त्याला पैदाशीचा बोकड म्हणून राखलं तर आपण त्याच्या आईचं दूध निवडलं, आणि वर जुळी न देणारी शेळीही निवडली. आपल्या उस्मानाबादी जातीच्या शेळीचं खरं बळ जुळ्या वेतांत आहे. म्हणून जुळ्याची तुलना जुळ्याशीच करा, पहिलारूच्या, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेल्या शेळीच्या करडाची पहिलारूच्या करडाशी. वहीत एवढी ओळ पुरे, वजनं किलोत: ‘बिल्ला 14, जुळं, आईचं तिसरं वेत, जन्म 2.2, तीन महिने 9.5, नऊ महिने 22.’ काटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले 660. घेर 26 आणि लांबी 24 असेल तर साडेचोवीस किलोच्या आसपास. अंदाजच आहे तो, पण दरवेळी त्याच हातानं मापलं तर तुलनेला पुरतो.

आता मटणाचा उतारा, म्हणजे जिवंत वजनातून किती मटण पडतं ते. 25 किलोच्या बोकडाचं साधारण साडेअकरा ते बारा किलो मटण पडतं. उतारा, मांडीचा भरीवपणा, चरबी हे गुण पिढीत बऱ्यापैकी उतरतात, पण पैदाशीचा बोकड कापून बघता येत नाही ना! उपाय सोपा आहे: एकाच बापाचे त्याचे भाऊ गावातल्या खाटकाकडे जातात तेव्हा कापण्याआधीचं वजन आणि पडलेलं मटण त्याला विचारून वहीत लिहा. भरल्या पोटी तोललेला बोकड उताऱ्यात कमी दिसतो, तेव्हा सगळे सारखेच उपाशी ठेवून तोला. जिवंत बोकडावर हाताची परीक्षा करा. शेवटच्या बरगडीमागं अंगठा मणक्यावर आणि बोटं आडव्या हाडांच्या टोकांखाली घाला. मधली जागा भरलेली, घट्ट लागली पाहिजे; मणका करवतीसारखा टोचला तर तिथं मांस नाही. शेळीची चरबी आधी आत, आतड्यांभोवती आणि गुर्द्यांभोवती साठते. शेवटचे दोन महिने मका चारून फुगवलेल्या पोटाला म्हणूनच भुलू नका.

दोन्ही अंडकोष सारखे आणि खाली उतरलेले हवेत, जबडा जुळलेला हवा. एक अंड वर राहिलेला बोकड कितीही देखणा असो, पैदाशीला नको.

बोअरबद्दल नेहमी विचारणा होते. दक्षिण आफ्रिकेची ही जात मांसाला भारीच आहे. पण संकर करायचा तर अंगानं मोठ्या, दोन-तीन वेतं झालेल्या शेळ्यांवरच करा. पहिलारू पाठीला लावला तर विताना करडू अडतं. आणि पहिल्या पिढीची संकरित नर करडं सगळी बाजारात घाला. त्यांतलाच एखादा राखून पुढं वापरला तर करडं एकसारखी निघत नाहीत, संकराचा जोमही उतरतो. मूळ कळप उस्मानाबादी, संगमनेरी जो असेल तो शुद्धच ठेवा. शुद्ध जातीच्या बोकडासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रावर चौकशी करा.

बाकीची तयारी तुम्हाला पाठ आहे: पावसाआधी जंताचं औषध, आंत्रविषाराची लस, फळवण्याआधी दोन-तीन आठवडे शेळीला रोज पाव किलोपर्यंत धान्याचा खुराक. माज दिसला की बारा तासांनी बोकड दाखवा, आणि 21 दिवसांनी ती पुन्हा माजावर येते का यावर नजर ठेवा.

मृगात फळलेल्या शेळ्या पाच महिन्यांनी, नोव्हेंबरात विततील. ती करडं पुढच्या ईदेला जेमतेम सहा महिन्यांची, त्यापुढच्या ईदेला सतरा-अठरा महिन्यांची होतील. ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकते हे मोजणीत धरा. मधल्या दिवाळीच्या सुमाराला याच बोकडाच्या लेकी माजावर येतील. त्यांच्यावर बाप गेला तर करडं किडकी, मरतुकडी होण्याचा धोका वाढतो. तेव्हा दुसरा मृग संपला की तो बोकड वेगळा बांधा, नाहीतर शेजारच्या गावात कुणाच्या नोंदी असलेल्या बोकडाशी अदलाबदल करा.