पाकिटामागचं बारीक अक्षर: अन्नाची ॲलर्जी आणि घरातली औषधं

साबुदाण्याच्या खिचडीत दाणे असतात हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण अळूच्या फतफत्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात आणि मिसळीवरच्या फरसाणातही ते असू शकतात, हे वाढणाऱ्याच्या लक्षात येत नाही. औषधांचंही तसंच. सर्दीच्या गोळीच्या नावात पॅरासिटामॉल कुठे दिसत नाही, आत मात्र बहुतेक वेळा असतं. ॲलर्जी असलेल्या घरात दोन्हीकडे एकच सवय लावून घ्यावी लागते: समोरचं मोठं नाव सोडायचं आणि मागचं बारीक अक्षर वाचायचं.

खाऊचं पाकीट

हिरवा ठिपका ॲलर्जीबद्दल काहीच सांगत नाही. दूध, दाणे, गहू, सोया हे सगळं त्या ठिपक्यात बसतं. घटकांच्या यादीजवळ ‘कंटेन्स’ने सुरू होणारी ओळ शोधा. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या 2020च्या लेबल नियमांनुसार तिथे ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर तेही लिहावं लागतं.

या यादीत तीळ नाहीत. मोहरी नाही, हरभरा नाही, तिसऱ्याही नाहीत. म्हणजे तिळाची ॲलर्जी असलेल्याने ‘कंटेन्स’ची ओळ वाचून गोडा मसाला घेतला तर फसगत ठरलेली. अशांनी घटकांची अख्खी यादी वाचायची, आणि गोडा मसाला शक्यतो घरीच करायचा. बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, हे सेलिॲक (ग्लूटेन न चालणारा आतड्याचा आजार) असलेल्यांनी लक्षात ठेवावं. दूध ‘केसीन’ किंवा ‘व्हे’ या नावाने येतं, सल्फाइट आयएनएस (खाद्य-मिश्रकांचा क्रमांक) 220 ते 228 या आकड्यांनी. ‘मे कंटेन’ लिहिलेलं असेल तर तीव्र ॲलर्जी असलेल्याने ते पाकीट दुकानातच परत ठेवावं. ओळखीचं पाकीटही दर वेळी वाचा, कारण कंपनी घटक बदलते आणि पाकिटाचा रंग तोच राहतो.

सुट्या मालाला लेबल नसतं. तिथे प्रश्न नीट विचारावा लागतो. “यात दाणे आहेत का?” या प्रश्नाला “नाही हो” असं मनापासून उत्तर येतं, कारण विचारणाऱ्याला दाणे म्हणजे अख्खे दाणे असंच वाटलं असेल, असं समोरचा धरून चालतो. कूट त्यात मोजला जात नाही. म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: कूट घातलाय का, तेल कुठलं, आणि त्याच कढईत आणखी काय तळता? तेलाचा प्रश्न अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, लाकडी घाण्याच्या तेलात उरू शकतात. आणि ॲलर्जी असते ती प्रथिनाची.

दूध प्यायलं की पोट फुगतं, पण दही चालतं, ही बहुधा ॲलर्जी नसते; लॅक्टोज पचत नाही एवढंच. खरी ॲलर्जी असेल तर चमचाभर दह्यानेही ओठ सुजू शकतात किंवा अंगावर गांधी उठू शकतात. नक्की करायचं असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून त्वचेची प्रिक चाचणी किंवा रक्तातली त्या पदार्थाची आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) चाचणी करून घ्या. आयजीजी या वेगळ्याच प्रतिपिंडावर आधारलेली शंभर पदार्थांची महागडी पॅकेजं ॲलर्जी सांगत नाहीत, घरातलं जेवण मात्र कमी करतात. प्रिक चाचणीआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

पित्त उठलं की आणखी काही?

गांधी उठल्या की आपल्याकडे “पित्त उठलं” म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात. नुसती खाज असेल तर त्याने बिघडत नाही. पण खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत गांधींबरोबर घशात आवळल्यासारखं वाटणं, आवाज बसणं, धाप, घरघर, सारख्या उलट्या किंवा चक्कर यांपैकी काहीही सुरू झालं, तर ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, समजा. गांधी उठल्याच पाहिजेत असंही नाही.

इथे सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी पुरत नाही. तिने खाज कमी होते, श्वासनलिकेची सूज आणि घसरलेला रक्तदाब सावरत नाही. लागतं ते ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. परदेशात मिळणारी त्याची तयार, पेनासारखी इंजेक्शनं आपल्याकडे केमिस्टकडे सहज मिळत नाहीत, म्हणून लगेच 108ला फोन करा, किंवा जवळच्या, कॅज्युअल्टी चालू असलेल्या रुग्णालयात गाडीने न्या. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. धाप असेल तर टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. त्याला उठवू नका, चालवू नका, आणि स्कूटरवर मागे बसवून तर अजिबात नेऊ नका. अशा वेळी उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. बरं वाटल्यावर लगेच घरी परतण्याची घाई नको, काही तासांनी झटका पुन्हा येऊ शकतो.

औषधाची पट्टी

केमिस्ट पट्टी कापून चार गोळ्या देतो, आणि नाव, मुदत, बॅच नंबर उरलेल्या तुकड्यावर राहतात. नाव असलेला तुकडा मागा, निदान बॅच नंबर असलेलं बिल तरी. पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

दुहेरी डोस कसा होतो, पाहा. तापासाठी पॅरासिटामॉलची 650ची गोळी दिवसातून चार वेळा: 2,600 मिलिग्रॅम. त्यात 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तीन वेळा: आणखी 1,500. झाले 4,100, आणि मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा आहे 4,000. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल, तर मर्यादा त्याहूनही खाली येते.

मुलांच्या बाबतीत घोळ बाटलीवरून होतो. पॅरासिटामॉलची मात्रा वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत 4 ते 6 तास, 24 तासांत चारपेक्षा जास्त नाही. 12 किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त 180 मिलिग्रॅम. 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमच्या सिरपचे ते 7.5 मिलिलिटर, 250च्या सिरपचे साधारण 3.5, आणि मिलिलिटरला 100 मिलिग्रॅमच्या ड्रॉप्सचे फक्त 1.8. पहिल्या बाटलीचं माप दुसरीला लावलं की डोस दुपटीच्या वर जातो. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर आधी डॉक्टर. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन हे दोन घटक एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही.

औषधातही अन्न लपलेलं असतं. गुडघेदुखीसाठीचं ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं, आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं. पट्टीवर हे दिसेलच असं नाही, म्हणून औषध घेताना अन्नाची ॲलर्जीही सांगा.

पाकिटातला कागद

प्रत्येकाच्या पैशांच्या पाकिटात ॲलर्जीची नोंद असलेला एक कागद ठेवा. औषधाचं घटकनाव लिहा, ब्रँड नको: ‘अमॉक्सिसिलिन’ (एक अँटिबायोटिक) लिहिलं तर ते क्लॅव्हुलॅनेट या दुसऱ्या घटकाबरोबर असलेली गोळीही डॉक्टरांच्या लक्षात येते. पुढे काय झालं आणि किती वेळाने झालं, ते लिहा. ‘जुलाब’ आणि ‘पहिल्या गोळीनंतर अर्ध्या तासात गांधी, धाप’ यांचा अर्थ वेगळा. नुसतं ‘ॲलर्जी’ लिहिलं तर जुलाबापायीही चांगलं अँटिबायोटिक कायमचं बंद होतं. औषधाचा दुष्परिणाम कळवायचा असेल तर 1800-180-3024 हा सरकारी टोल-फ्री क्रमांकही त्याच कागदावर लिहून ठेवा.